पत्रकांसाठी काढलेला डबा

उद्या मोटारसायकलवरून लांब जायचंय. मोजकीच हत्यारं घ्यायची म्हणून पाने निवडत बसलो होतो. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब उघडून पाहिली आणि त्या वासाने हात थांबला.

काही वर्षांपूर्वी अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची, कलबुर्गीला नोकरीची मुलाखत होती. सीमाभागातल्या आमच्या मेहकर गावाहून आम्ही दोघं मोटारसायकलवरून सकाळीच निघालो. त्याने बॅगेत भरलेला पंक्चरचा डबा आणि पंप मी गुपचूप काढून घरी ठेवला होता. हुमनाबादच्या पुढे मागचं चाक पंक्चर झालं.

“डबा कामून काढलास रे?”

“पत्रकं बसत नव्हती, अण्णा.”

“व्हय? मग आता पत्रकंच चिकटव ट्यूबला!”

इस्त्रीचा पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला, तरी तो उन्हात गाडी ढकलत राहिला. पोचलो तेव्हा मुलाखती संपल्या होत्या. अण्णाने माझ्यापुढे हात केला. “आण ती पत्रकं इकडं. निम्मी मी वाटतो.”

‘प्रत्येक हाताला काम’ असं आमच्या संघटनेने वाटायला दिलेल्या त्या पत्रकांवर ठळक छापलं होतं. त्यातला एकही शब्द मला आजही खोटा वाटत नाही. पण ती वाटणारा अण्णाचा हात माझ्यामुळे रिकामा राहिला, हे मी अजून कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.