आत्याचा सैल ब्रिज

माझी आत्या कपडे अल्टर करते. जिन्याखालच्या टीचभर दुकानात मशीनवर वाकून बसते आणि दोरा कचकन दातानं तोडते. त्या सवयीपायी वरच्या डाव्या बाजूचा दातांचा ब्रिज सैल झाला. मधला दात केव्हाच पडलेला, म्हणून आजूबाजूच्या दोन दातांच्या आधारानं बसवलेली ती तीन दातांची कवळीच म्हणा ना. बोलताना तो हलायचा, जेवताना खाली उतरायचा.

"डॉक्टरकडे चल."
"जिभेनं दाबला की बसतो गं."

एक दिवस एका बाईंचं माप घेताना तो निसटला आणि थेट बटणांच्या डब्यात पडला. आत्यानं उचलला, धुतला आणि बुटाचे तळ चिकटवायच्या गमनं जागेवर बसवला! मी डोक्याला हात लावला आणि तिला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं.

"काकू, हे तोंडात लावायचं असतं का?" डॉक्टरीणबाई हादरल्याच. "झोपेत निसटून श्वासनलिकेत गेला असता तर?"

"पुन्हा चिकटवून द्या, झालं."

"ब्रिजच्या आतले आधाराचे दात धड असते तर साफ करून दातांच्याच सिमेंटनं लगेच चिकटवला असता. पण एक्सरेमध्ये मागचा दात किडलेला दिसतोय. आधी रूट कॅनल, मग नवा ब्रिज. दात वाचलाच नाही, तर तो काढून हाडात बसवायचा इम्प्लांट, नाहीतर काढता-घालता येणारे दात."

आत्या माझ्याकडे वळली. "बघ, आलो कशाला आणि निघालं काय!"

"आधीच आली असतीस तर निघालं नसतं," मी म्हणाले.

सुदैवानं दात वाचला. वर तात्पुरता ब्रिज बसवला आणि "यानं काही तोडू नका" असं बजावून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला.

"अगं, निघाला."
"काय तोडलंस?"
"नायलॉनचा दोरा. चिवट होता मेला."

डॉक्टरीणबाईंनी तो न बोलता पुन्हा बसवला. ते न बोलणंच आत्याला झोंबलं असावं, कारण पक्का ब्रिज बसेपर्यंत तिनं कशालाही दात लावला नाही. तो बसला, तेव्हा चावताना जरा उंच लागतोय म्हणून चार वेळा घासून घेतला. आता घट्ट आहे.

परवा चहाचा घोट घेताना तिनं उजव्या गालावर हात ठेवला.

"काय झालं?"
"कुठं काय!"

मी चपला घातल्या.