तडकलेली अंडी माझ्या वाट्याची

“साल्मोनेला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मला वाटलं, कुणा पोर्तुगीज बाईचं नाव घेतात. मग त्यांनी समजावलं : हा कोंबडीच्या पोटातला जंतू. कच्च्या मांसातून, अंड्यातून माणसाच्या पोटात शिरतो.

तीन दिवस ताप आणि जुलाब. डिचोलीच्या इस्पितळात नेलं तेव्हा मला उभंही राहवत नव्हतं. सलाइन लावली, ‘स्टूल कल्चर’ केलं. म्हणजे शौचाच्या नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचे. त्याचाच हा निकाल.

“अंडी कशी खाता?”

मी खरं ते सांगून टाकलं. बाजारात आमचा रस-ऑमलेटचा गाडा आहे. ऑमलेटवर चिकनचा रस्सा, सोबत पाव. गिऱ्हाइकाला मी तडकलेलं अंडं कधी घातलं नाही. ती वेगळी काढून घरी न्यायची आणि मीच खायची, बलक ओघळता ठेवून. टाकवत नसे.

“गिऱ्हाइकांचं पोट सांभाळलंत,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुमचं पोट काय वेगळं आहे?”

दुसऱ्या दिवशी नवरा अन्नसुरक्षा खात्याने गाड्याच्या नोंदणीबरोबर दिलेला नियमांचा कागद घेऊन आला. इतकी वर्षं तो घडी करून ठेवला होता. कॉटवर बसून वाचू लागला. “तडकलेली, घाण लागलेली अंडी वापरू नयेत. कच्चं चिकन शिजवलेल्या अन्नापासून वेगळं ठेवावं.” मग माझ्याकडे बघत पुढचं वाचलं. “आजारी माणसाने अन्न हाताळू नये.”

आठवड्याने मी घरी आले, हिंडूफिरू लागले. जवळच्या गावची जत्रा आली होती. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तिथलीच.

“आता बरी जालंस मगे तू,” नवरा म्हणाला. “गाडो लावया.”

पण जुलाब थांबले तरी जंतू काही दिवस पोटात राहतो. नमुना स्वच्छ येईपर्यंत अन्नाला हात लावू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. आणि रस्सा तर माझ्याच हातचा.

“रिपोर्ट येऊंदी आधी,” मी म्हटलं.

तो कुरकुरत बाहेर पडला. संध्याकाळी मात्र पुठ्ठ्यावर स्वतःच लिहून गाड्याला बांधून आला : ‘बाईला पोटाचा आजार. बरी होईपर्यंत गाडा बंद.’ हे वाचून आता कोण खायला येणार?

जत्रा गेली. रिपोर्ट स्वच्छ आला. गाडा उघडला त्या संध्याकाळी सगळ्यात आधी आमचा जुना ट्रकवाला आला. मी ओशाळून बोर्डाचा विषय काढला.

“खरां सांगलंस, म्हणान तर इलंय,” तो म्हणाला आणि बाकावर बसला.

घरच्यांना चांगलं वाढून उरलंसुरलं स्वतः खाणाऱ्या बायकांना माझं एकच सांगणं आहे : ते नियम तुमच्यासाठीही आहेत. तडकलेलं अंडं मी आता माडाच्या मुळात पुरते. पहिल्यांदा जिवावर आलं होतं.

गाडा पुन्हा उघडला त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर नवऱ्याने मला बाकावर बसवलं. दोन धड अंडी फोडली, चांगली घट्ट शिजवली, वर रस्सा घातला. आमच्याच गाड्यावर गिऱ्हाइकासारखी बसून मी पहिल्यांदा जेवले.