घंटा कोणी बंद पाडली

माझा जुना सहायक हल्ली प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो की, चादरीच्या कारखान्यातली घंटा सरांनी बंद पाडली, कारण सरांना इव्हेंट हँडलरचे वावडे होते. सर म्हणजे मी, आणि हे धादांत खोटे आहे. निदान अर्धे.

धागा तुटला की घंटा वाजे आणि विणकर माग थांबवी. मागांवर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या प्रोग्राममध्ये ‘माग’ नावाचा मूळ क्लास, म्हणजे साचा, होता. धागा तुटल्याची वर्दी त्याची एक मेथड, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, नोंदलेल्या सर्व हँडलरना देई; वर्दी मिळताच प्रत्येक हँडलर आपापले काम करी. त्यांत घंटेचाही एक होता. नव्या मागासाठी त्यातून आम्ही त्याच्या साऱ्या मेथड वारशाने घेणारा दुसरा क्लास काढला. प्रत्येक तुटलेल्या धाग्याची नोंदही त्याने ठेवायची होती.

“सर, हँडलरच लावू की. जुनं काही मोडत न्हाय,” सहायक म्हणाला.

“हँडलर परक्यांसाठी,” मी म्हणालो. “घरातल्या माणसाने स्वतःच्या दाराची बेल वाजवून आत यायचे काय? मेथड ओव्हरराइड कर.”

त्याने तोंड वाकडे केले, म्हणून मूळ मेथडच्या जागी चालणारी नवी मेथड मीच लिहिली. दुपारपर्यंत नोंदी चोख होत होत्या. घंटा मात्र मुकी होती, आणि माग तुटलेल्या धाग्यानिशी निवांत विणत होता.

गेल्या रविवारी तो जेवायला आला आणि आमटी वाढणाऱ्या माझ्या पत्नीला तोच किस्सा ऐकवू लागला. माझ्याच घरात, माझ्याच पाटावर. मी त्याला थांबवले.

“दुसऱ्या दिवशी कोड तू दुरुस्त केलास. ओव्हरराइड काढलास?”

“न्हाय, सर.”

“मग काय केलेस?”

“घंटेला वर्दी देणाऱ्या मूळ मेथडला बोलावणारी एक ओळ आत घातली. ती तुमची राहिली होती.”

“म्हणजे निवड माझी बरोबर होती. यापुढे पंगतीत हेही सांगायचे.”

“सांगतो की. पण ओळ कुणाची राहिली, तेही सांगणार.”

विसरलो असेन. मी त्याला दही वाढले.

पत्नी आत जाऊन एक चादर घेऊन आली. त्या दुपारी विणलेली, खराब म्हणून मी हट्टाने घरी आणलेली. मधोमध उभी विरळ रेघ. इतकी वर्षे पाहुण्यांना मी ती खास नक्षी म्हणून दाखवत आलो आहे.

“जिंकलात ना?” ती म्हणाली. “मग आज ही तुम्हीच पांघरा. थंडी त्या रेघेतूनच येते.”