शेजारच्या चित्रकाराची शेवटची मिशी

आमच्या अख्ख्या किचनर शहरात डोळ्यांचा एवढा वापर करणारा दुसरा माणूस झाला नसेल. आपण बाकीचे डोळे वापरतो ते दारावर डोकं आपटू नये म्हणून. आमच्या शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याच्या मते बघणं हे पूर्णवेळ काम होतं आणि आम्ही सगळे त्यात कामचुकारपणा करत होतो. तो माणसांची चित्रं काढायचा, तैलरंगात, माणूस समोर बसवून. फोटोवरून कधी नाही, आठवणीतून तर मुळीच नाही. आमच्या पोस्टमनला त्यानं जाड कोटासकट पाच शनिवार खुर्चीत बसवून ठेवलं होतं. "आठवण खोटं बोलते," तो म्हणायचा, "आणि फोटो गप्प बसतो."

सहा वर्षांपूर्वी आमची ओळख झाली ती बर्फावरून. मी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो, म्हणजे फावड्यानं बर्फ उपसत होतो. नव्या शेजाऱ्याशी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काय पांढराशुभ्र बर्फ पडलाय!" तो फावड्यावर रेलला आणि म्हणाला, "हे तू बघितलंस, की ऐकलंस?" मग त्यानं मला दंडाला धरून त्याच्या गराजच्या सावलीत नेलं. तिथला बर्फ चक्क जांभळट होता. गाडीच्या चाकापाशी तो शिळ्या ताकाच्या रंगाचा होता. कॅनडात वीस हिवाळे काढून मी त्या दिवशी पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि ऑफिसची मीटिंग बुडवली. आमच्या हिनं एकदा त्याला पोहे नेऊन दिले, तर हा खायचं सोडून दहा मिनिटं बशीकडे बघत बसला. "आवडले नाहीत तर सांगा म्हणावं," ही मला मराठीत पुटपुटली. तो म्हणाला, "लिंबाच्या फोडीजवळ हे हिरवट दिसतात. मॅडमना सांग, घाई नको." पोहे गार झाले आणि हिचा चेहरा गरम. पण पुढच्या खेपेला हिनं फोड स्वतःच दोनदा हलवून ठेवलेली मी पाहिली.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं कुंपणावरून सांगितलं की त्याच्या नजरेच्या मधोमध धुकं जमतंय. डॉक्टरांना ते फार दिवस थोपवता येणार नव्हतं. ख्रिसमसनंतर तो आयर्लंडला बहिणीकडे जाणार होता, कायमचा. "एक चित्र होईल अजून," तो म्हणाला. "तुझी मिशी मला सहा वर्षं बोलावतेय." त्याला माझ्या मिशीत सात रंग दिसत होते. मला आरशात एकच दिसायचा, म्हातारपणाचा.

दर शनिवारी मी बसू लागलो. खुर्चीच्या पायांभोवती आणि माझ्या चपलांभोवती त्यानं खडूनं रेघा मारल्या होत्या, म्हणजे पुढच्या वेळी मी बोटभरही इकडेतिकडे सरकायला नको. खांदे झाले, कान झाले, कपाळ झालं. मिशी त्यानं शेवटाला ठेवली होती, आपण ताटातली जिलबी ठेवतो तशी. आणि इथे मी माती खाल्ली. शेवटचं चित्र, त्यातही शेवटची बैठक, म्हणजे नीटनेटकं जायला हवं ना? आमच्याकडे फोटो काढायचा म्हटलं की माणूस आधी स्वतःला पुसून टाकतो. शुक्रवारी मी केस कापले, मिशी कोरली आणि भाचीच्या लग्नासाठी आणून ठेवलेला कलप मिशीला दोनदा चोपडला.

शनिवारी चपला बरोबर रेघांत ठेवून मी बसलो. त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

"मीच. जरा तरुण."

"मला जो हवा होता तो कुठंय?"

"सहा वर्षं बघतोयस की," मी म्हणालो. "काढ आठवणीतून."

त्यानं शांतपणे ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवले. "मिशी परत आली की ये," म्हणाला.

म्हातारं व्हायला एवढा उतावीळ झालेला माणूस जगात दुसरा नसेल. रोज सकाळी खिडकीशी तपासणी. "अहो, उजेडात या जरा," ही चष्मा सावरत म्हणायची, "डावीकडे तिळाएवढं पांढरं दिसतंय." बर्नाबीहून मुलीनं फोनवर सल्ला दिला, "बाबा, जस्ट शेव्ह इट ऑफ." माझी गंमत चालली होती तोवर चालली. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मला दिसला. बाहेरच्या टेबलावर त्यानं चहाचा कप ठेवला, तो टेबलाच्या कडेपलीकडे. कप फुटला. तो कितीतरी वेळ जमीन चाचपत होता. त्या दिवशी मी दाढी केलीच नाही, जणू त्यामुळे मिशीला हुरूप येणार होता.

नोव्हेंबरच्या अखेरीला तोच दारात आला. "चल," म्हणाला, "धुकं तुझ्या मिशीसाठी थांबणार नाही." तीन शनिवार तो कोंबडी दाणा न्याहाळते तशी मान तिरपी करून, डोळ्यांच्या कडेनं मला बघत राहिला. मी जन्मात इतका स्थिर बसलो नव्हतो. चित्र पुरं झालं. त्यात माझी मिशी मुळाशी पांढरी आणि टोकाला कुळकुळीत काळी आहे. दिसलं ते काढलं.

"तुझं खोटं आणि त्याचं उघडं पडणं, दोन्ही आलंय," तो खुशीत म्हणाला. "असं प्रामाणिक चित्र माझ्या हातून आजवर झालं नव्हतं."

ते आमच्या हॉलमध्ये लावलंय. मराठी मंडळाची माणसं घरी आली की विचारतात, रंग संपला होता का?

आता तो रविवारी आयर्लंडहून फोन करतो. चित्र काढणं संपलंय. "बाहेर काय आहे?" तो विचारतो. "बर्फ," मी सांगतो. "कसला?" जन्मभर कुणाच्या शब्दावर न विसंबलेला माणूस आता माझ्यासारख्या थापाड्याच्या शब्दावर येऊन ठेपलाय. मग मी फोन घेऊन पोर्चवर जातो आणि त्याच्या बंद गराजच्या सावलीकडे बघतो.

"सावलीत जांभळट. कडेला जराशी हिरवी झाक. चाकाच्या खुणा नाहीत."



"हे तू बघितलंस, की ऐकलंस?"

"बघितलं," मी म्हणतो, आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा बघतो.