डब्याचं वजन

शाळेबद्दल काही विचारायचं असेल तर मुख्याध्यापकांना विचारू नये, वसुंधरा भोईरला विचारावं, असं वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आयांमध्ये साधारण ठरून गेलं आहे. वसुंधरा स्वतः सातवी शिकलेली. राहते जवळच्या जूचंद्र गावात. बारा वर्षं शाळेची व्हॅन चालवते आणि रोज तीन शाळांच्या गेटवर उभी राहते. मुलं तिला काकी म्हणतात, म्हणून त्यांच्या आयाही काकीच म्हणतात.

"काकी, मुलीला कुठे घालू?" बी विंगमधल्या अश्लेषा मॅडमनी एकदा विचारलं. "ती मुलींची शाळा, की इंटरनॅशनल?"

"आतलं मला नाय माहीत. गेट सांगते."

"गेट सांगा."

"मुलींच्या शाळेतून पोरी रांगेत येतात आनि रस्त्यावर आल्या का वरडतात. इंटरनॅशनलची पोरं वरडत नाय, दमलेली असतात. जिल्हा परिषदेची पोरं घंटा व्हायच्या आधीच गेटाबाहेर असतात."

"मग चांगली कुठली?"

"आधी पोर दाखवा. आठ दिवस व्हॅनमध्ये पाठवा, मग सांगते."

आठ दिवसांत ती काय बघणार हे अश्लेषा मॅडमना कळलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. शाळा सुटल्यावर वसुंधरा प्रत्येक मुलाच्या पाठीवरचं दप्तर स्वतः उतरवून घेते आणि मागे ठेवते. ठेवताना तिचा डावा हात डब्याच्या पिशवीखाली जातो. डबा हलका असेल तर पोर ठीक. एक दिवस जड आला तर भाजी आवडली नाही. तीन दिवस जड आला तर वसुंधरा आईला फोन करते. "डबा भरलेला येतोय. बाईंना भेटा." एकदा पहिलीतल्या एका मुलीची जागा बाथरूमच्या दारापाशी गेली होती. मुलीनं घरी सांगितलं नव्हतं, बाईंच्या लक्षात आलं नव्हतं, डब्यानं सांगितलं. तेव्हापासून तिच्याकडे नंबर लावून सीट मिळते.

तिची स्वतःची शाळा सुटली त्याला तीस वर्षं झाली. जूचंद्रला तेव्हा सातवीपर्यंतच होतं. पुढचं हायस्कूल रुळांच्या पलीकडे, मुलामुलींचं एकत्र. वडील शांताराम यांनी एका वाक्यात निकाल दिला होता. "पोरांच्या बाजूच्या बाकावर माझी पोर बसनार नाय." पुढे पोरगी व्हॅन चालवायला लागली, भर रस्त्यात डंपरवाल्यांना मागे घ्यायला लावायला लागली, तेव्हा बाबांना थोडं वाईट वाटलं असावं. ते म्हणायला लागले, "मुलींचीच शाळा असती ना, तर तुला शिकवली असती मी. कितीपन." हे वाक्य ते तेव्हापासून बऱ्याच वेळा बोलले. वसुंधरेचं सासरही जूचंद्रलाच, माहेरापासून तीन घरं सोडून. त्यामुळे वाक्य ऐकायला लांब जावं लागत नसे.

म्हणून मुलगी उन्नती सातवी झाली तेव्हा वसुंधरेनं फार विचार केला नाही. गावात आता पाच मिनिटांवर हायस्कूल होतं. तिनं उन्नतीला वसई पश्चिमेच्या मुलींच्या शाळेत घातलं. म्हणजे मुलीला शाळेतून काढायला कोणाकडे कारणच उरणार नाही.

उन्नती व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून आठवीला जायला लागली. तिचा डबा रोज रिकामा येई. नुसता रिकामा नाही, धुतलेला. वसुंधरेला अभिमान वाटे.

त्याच वर्षी व्हॅनमध्ये जीना आली. वय नऊ, घर चर्चच्या मागच्या वाडीत. तिचे वडील जेसन घरूनच कॉम्प्युटरवर काम करत, आणि मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवत. ते वसुंधरेला भेटायला आले.

"ताई, एक सीट पाहिजे."

"कुठली शाळा?"

"शाळा नाही. फक्त जाणं-येणं."

वसुंधरा थांबली. जेसननी समजावलं. "घरी सगळं शिकवतो आम्ही. फक्त इतर मुलांशी बोलणं होत नाही. तुमच्या व्हॅनमध्ये सकाळी चाळीस मिनिटं, दुपारी चाळीस मिनिटं. पुरेसं आहे. शाळा म्हणजे शेवटी भिंती, ताई."

"तुमच्या घराला नाय?"

"आहेत. पण आमच्या आहेत."

हे वसुंधरेला पटलं नाही, पण खोडताही येईना. जीना रोज चर्चच्या नाक्यावर चढे, तीन शाळांची गेटं बघे आणि पुन्हा नाक्यावर उतरे. मधल्या काळात तिला तेराचा पाढा यायला लागला, कोंबडी अंड्यावर किती दिवस बसते ते कळलं, आणि व्हॅनमधल्या अकरा मुलांपैकी ती एकटीच उतरताना गाणं म्हणत उतरे. तिच्याकडे डबा नव्हता. वसुंधरेच्या तराजूत तिला घालता येत नव्हतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ओट्यावर चहा चालू असताना उन्नती म्हणाली, "मी नववीला शाळेत जाणार नाही."

शांतारामबाबा बसलेले होते. उन्नतीचा बाप विघ्नेश नुकताच सातिवलीच्या गोडाऊनमधून येऊन पाय धूत होता. त्याने नळ बंद केला.

"मग काय करनार?" वसुंधरेनं विचारलं.

"घरी अभ्यास करणार. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरणार. बाहेरून बसता येतं. जीना नाही का घरी शिकत?"

"जीनाचा बाप घरी असतो. तुझा बाप गोडाऊनला आनि आई गेटावर. तुला शिकवनार कोन?"

"मोबाईल."

शांतारामबाबांनी बशी खाली ठेवली. "घरात बसून परीक्षा देते म्हनते तर बरंच की. येनं नको, जानं नको. वाईट काय त्यात?"

वसुंधरेनं दुसऱ्या कपात साखर घातली. मग आधी घातली होती का ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. बाबांनी तो चहा काही न बोलता संपवला.

"तरास काय तुला तिथं?" तिनं उन्नतीला विचारलं.

"काही नाही."

"डबा रोज संपतो तुझा."

"हो ना. मग?"

वसुंधरेला रात्रभर एकच दिसत होतं. वय तेरा, शाळा बंद, ओट्यावर आजोबा खूश. हे सगळं तिनं एकदा बघितलेलं होतं. शाळेतून दाखला काढला की परत कोणी घालायला जात नाही, हेही तिला माहीत होतं. तिचा स्वतःचा दाखला कपाटात होता. त्यावर शाळा सोडण्याचं कारण होतं, 'पालकांची विनंती'.

दोन दिवसांनी जेसन नाक्यावर वही घेऊन उभे होते. आज ते विशेष आनंदात होते.

"ताई, दोन मिनिटं. जीनाचं निसर्ग निरीक्षण बघा. एकाच प्राण्याची सलग एकवीस दिवस नोंद. सांगा, कुठल्या शाळेत होतं हे?"

प्राणी म्हणजे एक कुत्री होती. मुलींच्या शाळेच्या बाजूच्या गल्लीत व्हॅन लागते. लहान वर्ग एकला सुटतात, तेव्हा मोठ्या वर्गांची जेवणाची सुट्टी असते. वसुंधरा गेटवर लहान पोरी मोजायला जाते, तेवढा वेळ बाकीची मुलं व्हॅनमध्ये बसतात. जीना त्या वेळात जाळीतून शाळेचं मागचं अंगण बघत असे. तिनं रकाने आखले होते आणि अक्षर चांगलं होतं.

'सोमवार. एक वाजून पाच. भाकरी, भेंडी. मंगळवार. भाकरी, अंडं. बुधवार. भाकरी, वालाचं बिरडं. कुत्रीला बिरडं जास्त आवडतं. गुरुवार. भाकरी, सुकट. शेपूट खूप वेळ हलवली.'

वसुंधरा वाचत गेली. भेंडी, अंडं, बिरडं, सुकट. शुक्रवारी मेथी असणार, असं तिला पान उलटायच्या आधीच माहीत होतं. शुक्रवारी मेथी होती. खाली निष्कर्ष होता. 'कुत्रीचं वजन वाढलं. अन्न देणारी ताई डबा लगेच नळावर धुते.'

"छान आहे ना?" जेसन म्हणाले.

"छान हाय," वसुंधरा म्हणाली. "अक्षर मोकळं हाय."

संध्याकाळी मोठ्यांच्या फेरीतली सगळी मुलं उतरवून झाल्यावर तिनं जूचंद्रच्या अलीकडे व्हॅन बाजूला घेतली. पुढच्या सीटवर उन्नती.

"बिरडं कुत्रीला आवडतं म्हने."

उन्नती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तू वजन करतेस. मला माहीत आहे. सगळ्यांना फोन करतेस. मला वाटलं, माझ्यासाठी कशाला तो फोन."

"तरास देतात पोरी?"

"नाही."

"चिडवतात?"

"चिडवायला बोलावं लागतं, आई."

वसुंधरेनं इंजिन बंद केलं.

"त्या सगळ्या पहिलीपासून एकत्र आहेत," उन्नती म्हणाली. "वाईट नाहीत. बाई पण चांगल्या आहेत. बाक दोघींचे आहेत आणि आम्ही एकेचाळीस आहोत. शेवटी मी आले."

"मग तुझ्या शेजारी कोन?"

"दप्तर."

"आनि जेवताना?"

"जेवताना बाकं समोरासमोर करतात. चार-चार जणींची. म्हणून मी मागे जाते. तिथे निदान कोणीतरी वाट बघत असतं."

एक टँकर मागून हॉर्न देऊन गेला. एरवी वसुंधरेनं त्याला उत्तर दिलं असतं.

"मला सांगायचं नाय?"

"कसं सांगू? मुलींची शाळा, मुलींची शाळा. तू किती खूश होतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून वसुंधरा गावच्या हायस्कूलमध्ये गेली. निकाल विचारला नाही, शिक्षक विचारले नाहीत. थेट ऑफिसात.

"यंदाच्या आठवीत किती पोरं?"

"मुलंमुली मिळून छप्पन्न," क्लार्क बाई म्हणाल्या. "पुढल्या वर्षी तीच नववीत. का?"

"बाक कितीचे?"

"तीन-तीन. जरा दाटीच होते. तुम्हाला ऐसपैस पाहिजे असेल तर दुसरीकडे बघा."

वसुंधरेनं बोटांवर मोजलं. छप्पन्न आणि एक. तीन एकोणीस सत्तावन्न.

"हीच पाहिजे," ती म्हणाली.

घरी उन्नती लगेच ऐकली नाही. "तिथे पण तसंच झालं तर?"

"तर दाखला आपल्या हातात हाय. गनपतीपर्यंत बघ. नाय जमलं तर सतरा नंबरचा फॉर्म मी स्वतः आनते आनि जेसन सरांना विचारते तुला शिकवायला. पन एक अट. डबा धुवायचा नाय. जसा असेल तसा आनायचा."

उन्नतीनं विचार केला. "उरला तरी?"

"उरला तरी."

संध्याकाळी शांतारामबाबांना कळलं. "पोरांच्यात बसवनार तिला? मुलींची शाळा होती ना चांगली."

"चांगलीच हाय. तिला नाय चालली."

"मी काय बोलत होतो इतकी वर्सं?"

"तू बोललास तीच शाळा मी आनली, बाबा. मुलींचीच. तिथं ती वर्सभर कुत्रीबरोबर जेवली."

शांतारामबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "कसली कुत्री?"

"पांढरी. चांगली हाय. वजन वाढलंय तिचं."

परीक्षा झाल्यावर वसुंधरा दाखला काढायला मुलींच्या शाळेत गेली. ज्या गेटाबाहेर बारा वर्षं उभी होती, त्याच्या आत ती तिसऱ्यांदाच येत होती. ऑफिसातले सॅन्टन सर अर्ज पुढे सरकवून म्हणाले, "कारण लिहा."

"काय काय चालतं?"

"स्थलांतर, वडिलांची बदली, आजारपण, पालकांची विनंती."

"ते शेवटचं नको."

"मग खरं काय ते सांगा."

"तिच्या बाजूची जागा रिकामी हाय."

सॅन्टन सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कारण होत नाही, ताई. लोक त्यासाठी प्रवेश घेतात."

"मग स्थलांतर लिहा."

"कुठून कुठे?"

"दोनाच्या बाकावरून तीनाच्या."

सरांनी 'स्थलांतर' लिहिलं आणि शिक्का मारला.

जूनमध्ये उन्नती चालत शाळेला जायला लागली. व्हॅनमधली पुढची सीट अश्लेषा मॅडमच्या मुलीला मिळाली. जेसननी निसर्ग निरीक्षण बंद करून आकाश निरीक्षण सुरू केलं, कारण कुत्री आता एकच्या सुमारास त्या अंगणात येत नव्हती. जीना अजूनही गाणं म्हणत उतरते. अश्लेषा मॅडमनी विचारलं, "काकी, मग घरी शिकवलेलं बरं का?" वसुंधरा म्हणाली, "तिला बरं. तुमची पोर आधी आठ दिवस बघू."

पहिले चार दिवस उन्नतीचा डबा भरलेला आला. वसुंधरेनं पिशवी उचलली, ठेवली. गणपती अजून लांब होते. शांतारामबाबा रोज संध्याकाळी यायचे आणि "काय म्हनते शाळा?" एवढंच विचारून चहा प्यायचे.

पाचव्या दिवशी डबा भरलेलाही नव्हता आणि रिकामाही नव्हता. उघडला तर आत भाकरी नव्हती. पाव होता, तोही अर्धा, आणि कसली तरी लाल चटणी. झाकण दुसऱ्याच कुठल्या डब्याचं होतं, बसत नव्हतं.

"हे कोनाचं?"

"माहीत नाही. फिरत होतं."

"आनि आपली भाकरी?"

"ती मागच्या बाकावर गेली. मग दिसलीच नाही." उन्नती हातपाय धुवायला निघाली होती, ती दारात थांबली. "आई, उद्या सुकट जास्त दे. तिघांना पुरत नाही."

वसुंधरेनं डबा पुन्हा हातात घेऊन बघितला. बारा वर्षांत तिला वजनावरून काही कळलं नाही असं पहिल्यांदाच होत होतं.

ओट्यावरून शांतारामबाबांचा आवाज आला. "तिघांना म्हंजे? कोन कोन?"

"बाकावरची," वसुंधरा म्हणाली, आणि सुकट भिजत घालायला उठली.