कन्नडहून निघालेले अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि शोभाताईंना — ज्यांना पहिल्यांदा सांगायला हवं होतं — त्यांना तर नाहीच.

बिडकीनजवळच्या एका कारखान्यात मी कम्प्युटरचं काम बघतो. बाहेरून येणारा प्रत्येक मेल मी लिहिलेल्या प्रोग्राममधून आत येतो. मेल जिथून निघतो त्या जागेचा एक आकडी पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. प्रोग्रामसाठी मी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता कोड, वापरली होती. नको असलेला पत्ता तिला दिला, की तिथला मेल दारातच अडतो.

एकदा एकाच पत्त्यावरून लॉटरीचे खोटे मेल धो धो यायला लागले. कुणाच्या तरी कम्प्युटरात व्हायरस शिरला असणार. मी तो पत्ता बंद केला. इथवर ठीक होतं — पण अडवलेला मेल परत पाठवायचा की गुपचूप टाकून द्यायचा, हेही ठरवावं लागतं. परत पाठवला तर पाठवणाऱ्याला कळतं, तो फोन करतो, डोक्याला ताप. मी टाकून द्यायचं ठरवलं. पत्ता कुणाचा, हे बघायचेही कष्ट घेतले नाहीत. आळस — दुसरं काय म्हणू?

तो पत्ता कन्नड गावातल्या एका कम्प्युटर क्लासचा होता. शोभाताईंचा क्लास. आमच्याकडे प्रशिक्षणार्थींची भरती निघाली, की आपल्या पोरींचे अर्ज त्या स्वतः, क्लासच्याच सर्व्हरवरून पाठवायच्या. त्या वर्षी एकाही पोरीला बोलावणं गेलं नाही. मॅडमनी अर्ज पाठवलेच नाहीत, असं पालक म्हणू लागले. शेवटी त्यांना घेऊन शोभाताई थेट कारखान्यात आल्या.

साहेबांनी मला बोलावलं. कन्नडच्या क्लासचे अर्ज पोहोचलेच नाहीत, एवढं ऐकल्यावर मला तो बंद केलेला पत्ता आठवला. उठण्याआधी मी क्लासच्या सर्व्हरचा पत्ता यादीशी ताडून पाहिला. तोच होता.

केबिनमध्ये शोभाताई रडकुंडीला येऊन सांगत होत्या, "मी पाठवलं व्हतं साहेब, लेकरांची आण घेऊन सांगते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भरती अजून संपली नव्हती, तो शेवटचा दिवस होता. खरं बोललो असतो, तर अर्ज तिथल्या तिथे घेता आले असते. माझं काय गेलं असतं — चार शब्द ऐकावे लागले असते, एवढंच ना?

"नाही आले," मी म्हणालो.

एक पालक त्यांच्या तोंडावर 'खोटारडी' म्हणाला. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. मला स्वतःची किळस आली.

जाताना त्या गेटपाशी थांबल्या. "भाऊ, तुम्ही तपासून तरी बघितलं," म्हणाल्या. "बाकीच्यांनी तर ऐकूनबी नाय घेतलं." आणि त्यांनी मला हात जोडले.

मीही जोडले.

त्या संध्याकाळी मी तो पत्ता यादीतून काढला. तोवर पोरींचं वर्ष गेलं होतं. पुढे क्लासही बंद पडला. कन्नडमध्ये अजून म्हणतात, की शोभाताईंनी अर्ज पाठवलेच नव्हते.

त्यांनी पाठवले होते. सगळे. वेळेत. ते मी टाकून दिले.