भावोजींचं भूत

माझ्या बायकोला कारखान्यात सगळे दाभण म्हणतात. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते म्हणून, आणि एकदा टोचली की आरपार जाते म्हणूनही. इतकी वर्षं संसार केल्यावर मला दुसरं कारण जास्त पटतं. कोणी अपमान केला तर ती भांडत नाही, रडत नाही. गप्प बसते आणि लक्षात ठेवते. एका मुकादमाने तिची शिवण सगळ्यांसमोर उसवून दाखवली होती. पुढे तो नोकरी सोडून गेला आणि स्वतःच्या गाडीची कव्हरं शिवून घ्यायला परत आला. "माझी शिवण उसवते हो," म्हणत हिने त्याला चांगले हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. मला हे फार आवडतं. उठसूट माफ करणारी माणसं मला पटत नाहीत. त्यांना मुळात काही लागतच नसावं.

संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळते. दिवसभर लोकांच्या सीटा शिवायच्या, तर संध्याकाळी आपणही एका सीटवर बसावं, असं तिचं म्हणणं. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे तिचे भावोजी आणि माझे साडू, तोच खेळ खेळतात. साडूंना सगळ्यातलं सगळं कळतं. ते बोलत असले की आपण फक्त मान हलवायची.

आमचं मशीन जुनं. हौसेने गेमिंगसाठी म्हणून घेतलेलं, पण आता पंखा असा ओरडायचा की शेजारीण विचारायची, घरात गिरणी टाकलीत का? एका रविवारी शर्यतीत ही भावोजींच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर, पूल उतरताना, चित्र जागीच थिजलं. पुन्हा हललं तेव्हा हिची गाडी कठड्यापाशी उलटी पडली होती. भावोजींनी त्याची क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'आमची मेहुणी वळणावर झोपली.' त्यावर सासऱ्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. पोट धरून हसत होते. "हिला कधी काही जमलंय का!" म्हणाले.

बायकोने तो आवाज पुन्हा एकदा लावून ऐकला आणि फोन पालथा ठेवला. "भावोजींना हरवायचं," ती म्हणाली. "बाबांच्या डोळ्यांदेखत."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि स्वतःच शिंकला.

"ग्राफिक्स कार्ड बदललं तर चालेल," तो म्हणाला. "पण नव्या कार्डाला हा पॉवर सप्लाय पुरायचा नाही, तोही बदलू. प्रोसेसर जुना आहे, तो कार्डाला मागे खेचणार. आणि तो बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागेल."

"मग राहिलं काय?" मी विचारलं.

"डबा राहिला की."

बायकोने त्या डब्याकडे गिऱ्हाइकाच्या सीटकडे बघावं तसं बघितलं. "फोम बसला तर मी फोम बदलते," ती म्हणाली. "सांगाडाच वाकला असेल तर सरळ सांगते, सीट टाकून द्या. नवीनच घेऊ." मी एका पायावर तयार होतो. साडूंपेक्षा मोठं घेऊ, असंही म्हणालो.

तेवढ्यात साडूंचाच फोन आला. "अगं, मी नवीन मशीन घेतलं," ते हिला सांगत होते. "माझं जुनं घेऊन जा. उगाच कशाला खर्च करतेस? तुला पुष्कळ झालं ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोही नको म्हणायला तोंड उघडतच होती.

"आणि आतलं मी काही पुसलेलं नाही हं," ते पुढे म्हणाले. "माझ्या सगळ्या शर्यती तशाच आहेत. बघून तरी शिकशील काहीतरी!"

बायकोचं तोंड मिटलं. मग ती इतकं गोड बोलली की मला भीतीच वाटली. "भावोजी, फार उपकार झाले तुमचे. उद्याच येऊन घेऊन जाते."

फोन ठेवल्यावर मी तडकलो. त्या माणसाचं उष्टं मशीन आणायचं? कुठे गेला मान?

"ठेवलाय बाजूला," ती म्हणाली. "काम झालं की उचलून घेते."

मला उलगडा झाला तो मशीन आल्यावर. त्या खेळात जुनी शर्यत पुन्हा लावता येते. आपण खेळत असताना ती जुनी गाडी काचेसारखी आरपार दिसणारी होऊन आपल्याबरोबर धावते. खेळणारे तिला भूत म्हणतात. असं भावोजींचं भूत आमच्या घरी राहायला आलं. एरवी भूत माणसाच्या मागे लागतं. इथे माझी बायको रोज भुताच्या मागे लागायला लागली. त्याला मागे टाकायची घाईच करायची नाही. ते कुठे ब्रेक मारतं, कुठे बिचकतं, तेवढं बघत राहायची. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा.

"अहो, इकडे या," एकदा तिने बोलावलं. "पूल उतरताना बघा. दर वेळी बाहेरून जातात. आतली बाजू सताड उघडी."

"अशी कशी ठेवतात उघडी?"

"तिथून कोणी येईल असं त्यांना वाटतच नाही."

पुढच्या रविवारी साडूंनी नवीन मशीन दाखवायला सगळ्यांना घरी बोलावलं. काचेच्या आत रंगीबेरंगी दिवे लुकलुकत होते. बायको म्हणाली, "एक शर्यत होऊन जाऊ दे ना भावोजी. बाबाही बघतील." त्यांनी दिलेलं जुनं मशीन आम्ही बरोबर नेलंच होतं. दोन्ही पडदे शेजारी मांडले आणि सासऱ्यांना मधोमध खुर्ची दिली.

अख्खी शर्यत ती मागे राहिली. साडूंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "मशीन मिळालं म्हणून झालं का? मुळात हात लागतो." सासरे मान हलवत होते. पूल आला. भावोजी बाहेरून गेले, भूत जायचं तसेच. ही आतून घुसली आणि रेषा ओलांडून मोकळी झाली. साडूंचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मी टाळ्या वाजवल्या. एकटाच होतो, म्हणून जोरात वाजवल्या. मला इतका आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

"नवीन आहे ना, अजून हात बसला नाही," साडू पुटपुटले.

सासरे लेकीकडे वळले. "अगं, घरचे जावई आहेत. त्यांच्याच घरात त्यांना हरवायचं? जरा जिंकू द्यायचं होतंस."

बायकोने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"बाबा, भावोजी हसले त्याचं मला काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी मी एक संध्याकाळही फुकट घालवली नसती. तुम्ही हसलात. हिला कधी काही जमलंय का, म्हणालात. आता जमलं. आता हसा."

सासऱ्यांनी थोरल्या जावयाकडे पाहिलं. जावई दिव्यांकडे बघत होते. थोरली मेहुणी स्वयंपाकघराच्या दारातच थबकली होती.

"अगं, ते तेव्हा सहज..." सासरे म्हणाले.

"हो ना, सहजच हसा." तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली. "मला घाई नाही."